जी ९.७८ आला तर तो ९.८ करू नका

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की मला व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो. मॅडम जी ९.७६ आलाय चालेल का, मॅडम सोडियमची वेव्हलेंग्थ ६१० नॅनोमीटर आली चालेल का, मॅडम एक्स्टर्नल काही बोलतील का. (जी म्हणजे लंबकाच्या प्रयोगातून काढायचं गुरुत्व त्वरण, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक.) आणि मी दरवर्षी तेच उत्तर देते, चालेल की नाही ते मी सांगू शकत नाही, तुझ्या रीडिंगमध्ये एरर, म्हणजे मोजणीतली अनिश्चितता, किती आहे ते आधी मला सांग. मुलांना हे उत्तर आवडत नाही हे मला माहितीये. त्यांना हो किंवा नाही हवं असतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते हवं असणं चूक पण नाही. पण फोनवर चार ओळींत हे समजावता येत नाही म्हणून एकदा निवांत लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

माझं बीएस्सी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात झालं, एमएस्सी पुण्यात, आणि आता मी एफवाय, एसवाय, टीवायच्या मुलांची फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. लेक्चर्सही घेते, पण खरं सांगायचं तर माझा जीव लॅबमध्ये जास्त रमतो. कारण मला मनापासून वाटतं की लॅबमध्ये एक गोष्ट शिकता येते जी फळ्यावर कधीच शिकवता येत नाही, ती म्हणजे आपल्याला किती ठाऊक आहे आणि किती ठाऊक नाही याचा आकडा काढणं. आकडा, नुसतं वाटणं नव्हे. लंबकाचा प्रयोग एफवायच्या पहिल्याच महिन्यात असतो आणि सगळे त्याला सोपा समजून उरकून टाकतात, पण हे सगळं त्याच प्रयोगात भरलेलं आहे.

तर आधी त्या ९.८ बद्दल. शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय की गुरुत्व त्वरण म्हणजे ९.८ मीटर पर सेकंद स्क्वेअर. काही पुस्तकांत ९.८१. मग मुलगा प्रयोग करतो, ९.७८ येतो, तो बाजूच्याला विचारतो तुझा किती, त्याचा ९.८३, आणि दोघंही टेबलमधला एखादा टाइम पीरियड (एका दोलनाला लागणारा वेळ) पेन्सिलने पुसून नवीन लिहितात आणि दोघांचा ९.८ येतो. आता गंमत नाही, खरंच वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही आहे की महाराष्ट्रात जी ९.८ नाहीचे. विषुववृत्तावर तो साधारण ९.७८० असतो, ध्रुवावर ९.८३२, आणि १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून घेतलेला जो ९.८०६६५ हा स्टँडर्ड आकडा आहे तो साधारण ४५ अक्षांशाच्या आसपासचा. आपण १६ ते २२ अक्षांशांच्या मध्ये, त्यात पुणे साताऱ्यासारखी गावं समुद्रसपाटीपासून पाच-सातशे मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे जी ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान बसतो. म्हणजे पहिल्या पोराचं उत्तर बरोबर होतं! त्याने बरोबर उत्तर पुसून तिथे युरोपातलं उत्तर लिहिलं.

हे काही नुसतं हुशारी दाखवायला सांगत नाहीये. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मंगळाची निरीक्षणं घ्यायला दक्षिण अमेरिकेतल्या कायेन या गावी गेला होता, विषुववृत्ताच्या अगदी जवळ, ५ अंश उत्तर. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने काय केलं, घड्याळ बिघडलं म्हणून विषय सोडून दिला नाही, महिनोन्महिने मोजत राहिला आणि लिहून ठेवलं की सेकंदाचा लंबक (एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेणारा) इथे थोडा आखूड करावा लागतो, तीनेक मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढ्याशा फरकावरून पुढे न्यूटनने मांडलं की पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर फुगीर आहे. आणि आपल्याकडे बघा, १८६५ पासून कॅप्टन बासेवी रॉयल सोसायटीचे लंबक घेऊन भारतभर फिरत होता, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेच्या, म्हणजे भारताच्या भूमापनाच्या, कामासाठी, जिथे जाईल तिथे तंबू ठोकून रात्रंदिवस दोलनं मोजायची. १८७१ साली लडाखमधल्या उंच पठारावर याच मोजणीच्या दरम्यान थंडीने आजारी पडून तो वारला. माणसांनी या आकड्याच्या तिसऱ्या चौथ्या दशांशासाठी असं आयुष्य घातलंय आणि आपण तो दशांश रबराने पुसतो, मला हे खरंच सहन होत नाही.

आता कोणी म्हणेल मॅडम ते ठीक आहे पण माझा ९.६ आला, त्याचं काय. तिथेच तर मजा आहे. चूक असली तरी तिची सही असते. वर्षानुवर्षं बॅचेस बघून आता मला उत्तराच्या आकड्यावरून कळतं पोराने काय केलंय. समजा वीस दोलनं मोजायची होती आणि जी १०.८ आला. मी न बघता सांगते की तू स्टॉपवॉच चालू करताना ‘एक’ म्हणालास. कारण सुरुवातीला ‘शून्य’ म्हणायचं असतं, एक म्हटलं की विसाव्या आकड्याला एकोणीसच दोलनं झालेली असतात, टाइम पीरियड ५ टक्क्यांनी कमी निघतो, जी च्या सूत्रात त्याचा वर्ग छेदात असतो म्हणून जी साधारण ११ टक्के वाढतो, ९.७८ चा १०.८. एक मीटरच्या दोऱ्यावर जी ९.६८ आला तर बहुतेक वेळा दोऱ्याची लांबी गाठीपासून बॉबच्या, म्हणजे टांगलेल्या गोळ्याच्या, वरच्या टोकापर्यंत मोजलेली असते, बॉबच्या मध्यापर्यंतचा जवळजवळ एक सेंटिमीटर धरलेलाच नसतो. हे ज्या दिवशी मुलांना स्वतःहून पकडता येतं त्या दिवशी त्यांचे चेहरे बघावेत. रीडिंग बदलून उत्तर आणणं आणि उत्तरावरून चूक शोधणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि दुसरी गोष्ट आली की तो पोरगा फिजिक्सवाला झाला असं मी समजते.

पुढचा मुद्दा स्टॉपवॉचचा. आता सगळीकडे डिजिटल स्टॉपवॉच आहे, मोबाईलमध्येही आहे, त्यावर ०.०१ सेकंद दिसतो. जर्नलमध्ये सगळे लिहितात, लीस्ट काउंट (उपकरणाला दाखवता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१ सेकंद, आणि तीच एरर म्हणून धरतात. पण बटण दाबतंय कोण, आपलं बोट. तेच दोलन तेच माणूस पाच वेळा मोजू दे, आकडे ०.१ सेकंदाने तरी इकडे तिकडे होतात, कधी ०.२ ने. म्हणजे लीस्ट काउंट घड्याळाचा आहे, एरर माझ्या हाताची आहे, आणि दोन्ही एक नाहीत. हे एफवायला पहिल्याच प्रॅक्टिकलला दाखवलं ना तर अर्धं काम होतं. पाचही रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी असलेलं टेबल माझ्यासमोर आलं की मी सही करत नाही, कारण तसं होत नाही, हात तसा चालत नाही.

मग ही एरर कमी कशी करायची? एक, दोलन मोजायला सुरुवात टोकापासून करायची नाही, मधून करायची. टोकाला बॉब क्षणभर रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही, मध्ये तो सगळ्यात जोरात जातो त्यामुळे ‘आत्ता गेला’ हे पक्कं कळतं. मागे भिंतीवर खडूने एक उभी रेघ मारली तरी पुरते. दोन, जास्त दोलनं मोजायची. बोटाची चूक ०.१ सेकंद आहे, ती वीस दोलनांना पण तेवढीच आणि शंभर दोलनांना पण तेवढीच. एक मीटरचा लंबक असेल तर एक दोलन जवळजवळ २ सेकंदांचं, वीसचे ४० सेकंद, त्यात ०.१ म्हणजे पाव टक्का, जी मध्ये अर्धा टक्का. मग तुमच्या उत्तरात आगे मागे ०.०५ आहे, आणि तुम्ही ९.७८ आणि ९.८ मधला फरक सांगूच शकत नाही, दोन्ही तुमच्या एररच्या आतच आहेत. पण शंभर दोलनं मोजली तर २०० सेकंदांत ०.१, जी मध्ये एक दशांश टक्का, लांबी मिलिमीटरपर्यंत नीट मोजली तर तिचाही तेवढाच. आता मात्र तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता की पुस्तकातला ९.८१ माझ्या गावात चालत नाही. एका दोऱ्याने, एका बॉबने आणि मोबाईलने! मला अजून हे लिहितानाही छान वाटतंय.

याच प्रयोगावर अजून एक गोष्ट मी गेल्या काही वर्षांत करून घ्यायला लागलेय. सगळ्यांना पाठ असतं की लंबकाचा टाइम पीरियड ॲम्प्लिट्यूडवर, म्हणजे झोका किती मोठा आहे त्यावर, अवलंबून नसतो. मी सांगते ठीक आहे, १० अंशांवरून सोडून मोजा आणि २० अंशांवरून सोडून मोजा आणि मला सांगा सारखा येतो का. सूत्राने बघितलं तर १० अंशाला पीरियड ०.१९ टक्क्याने वाढतो, २० ला ०.७६ टक्क्याने. वीस दोलनांत दोघांमधला फरक सव्वादोन दशांश सेकंद, म्हणजे हाताच्या एररच्या जवळपासच. त्यामुळे अर्धी पोरं म्हणतात सारखा आहे, अर्धी म्हणतात वेगळा आहे, आणि मग भांडण सुरू होतं आणि मला तेच हवं असतं. मग कोणीतरी म्हणतं मॅडम पन्नास मोजू, फरक सहा दशांशाच्या जवळ जातो, आता लपत नाही. मग दुसरं कोणीतरी म्हणतं पण पन्नास होईपर्यंत २० चे १७ अंश झाले, हवेमुळे झोका कमी होतो, मग आपण मोजलं ते कुठल्या कोनाचं? हा प्रश्न मी विचारलेला नसतो. तो त्यांनी विचारलेला असतो. त्या दिवशी बेल झाली तरी कोणी उठत नाही.

ही कल्पना माझी नाही, हे सांगायलाच पाहिजे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग बॉन यांनी पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये हेच १० आणि २० अंशांचं केलं आणि २०१५ मध्ये त्यावर पेपर लिहिला. वीमन म्हणजे २००१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले, बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटसाठी, तेच. त्यांनी मुलांना एवढंच करायला लावलं की दोन रीडिंग एररसकट एकमेकांशी ताडून बघा, आणि मग मोजणी सुधारून परत बघा. सांगितलेलं बंद केल्यावरही ती मुलं तसंच वागत राहिली, पुढच्या वर्षीच्या लॅबमध्येसुद्धा. याच मंडळींनी नंतर हेही दाखवलं की लेक्चरमध्ये शिकवलेली थिअरी पक्की करायला म्हणून जी लॅब ठेवतात तिने थिअरीच्या मार्कांत काही फरक पडत नाही. मला हे वाचून हायसं वाटलं. लॅबचं काम थिअरी पटवून देणं हे नाहीच, ते काम फळ्यावर होतं, लॅबचं काम वेगळं आहे.

न्यूटन्स रिंग्जबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही कारण तो माझा सगळ्यात आवडता प्रयोग आहे. सपाट काचेवर फुगीर लेन्स ठेवायची, सोडियमचा पिवळा प्रकाश पाडायचा, आणि दोघींमधल्या हवेच्या थरामुळे दिसणाऱ्या वर्तुळांवरून त्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ काढायची. सोडियम लॅम्प लावला की आधी तो गुलाबी लाल पेटतो, आतल्या निऑनमुळे, आणि मग हळूहळू सोडियमची वाफ होत होत दहाएक मिनिटांत तो पिवळाधम्मक होतो. तेवढ्या वेळात लेन्स आणि काच नीट पुसून घ्यायची. मायक्रोस्कोपमधून बघितलं की आधी नुसता पिवळा उजेड, फोकस हलवत हलवत आणताना एकदम ती वर्तुळं समोर येतात, पहिल्यांदा दिसतात तेव्हा कोणीही ‘आई शप्पथ’ म्हटल्याशिवाय राहत नाही. मध्यभागी काळा ठिपका. तो काळा का, पांढरा का नाही, हा व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) हमखास प्रश्न आणि उत्तर सगळ्यांना पाठ, खालच्या काचेवरून परावर्तन होताना अर्ध्या लाटेचा फेरफार होतो. पण समोर काळा न येता उजळ ठिपका आला तर? पाठ केलेला गडबडतो. ज्याने हाताने केलंय तो म्हणतो लेन्सखाली धूळ अडकलीय, लेन्स काचेला टेकलेलीच नाही.

आणि ती धूळ असली तरी वेव्हलेंग्थ बरोबरच येते, का ते बघा. आपण त्रिज्या मोजत नाही, व्यास मोजतो, कारण केंद्र नेमकं कुठे ते कळत नाही आणि व्यासाला केंद्र लागत नाही. मग व्यासाच्या वर्गाचा आणि रिंगच्या नंबराचा ग्राफ काढतो आणि त्याचा स्लोप घेतो. धुळीमुळे सगळ्या रिंग्जच्या व्यासाच्या वर्गात सारखाच फरक पडतो, रेघ वर खाली सरकते, स्लोप तोच. म्हणजे ज्याने कोणी ही पद्धत लावून दिली त्याने धूळ असणार हे गृहीत धरूनच लावली. ग्राफ काढा असं जर्नलमध्ये लिहिलेलं असतं म्हणून मुलं ग्राफ काढतात, पण ग्राफ काढल्यामुळे आपण कशापासून वाचलो हे कळलं की तोच ग्राफ किती सुंदर वाटायला लागतो. स्क्रू एकाच दिशेने फिरवत न्यायचा, डावीकडच्या विसाव्या रिंगपासून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत, मध्ये मागे यायचं नाही, नाहीतर बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या ढिलेपणाची चूक, येतो, हे तर आहेच.

पण या प्रयोगात मुलं जिथे जीव तोडून मेहनत करतात तिथे चूक नसतेच बहुतेक. लेन्सची वक्रता त्रिज्या १०० सेंमी धरली तर दहाव्या रिंगचा व्यास अर्ध्या सेंटिमीटरच्या जरा खाली येतो. मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट ०.००१ सेंमी, म्हणजे व्यासात ०.२ टक्के, वर्गात ०.४. ठीक. आता ती वक्रता त्रिज्या आपण काढतो स्फेरोमीटरने, म्हणजे तीन पायांच्या, फुगवटा मोजणाऱ्या उपकरणाने. त्याच्या पायांमधलं अंतर ४ सेंमी असेल तर लेन्सचा फुगवटा येतो फक्त ०.०२७ सेंमी, आणि स्फेरोमीटरचा लीस्ट काउंट ०.००१ सेंमी. झाले की सरळ ४ टक्के! म्हणजे ५८९ च्या जागी कोणाला ६१० आलं तर त्याने रिंग्ज चुकीच्या मोजल्या असं म्हणायचं कारणच नाही, स्फेरोमीटरचं एक घर इकडे तिकडे झालं की तेवढा फरक येतो. आणि पोरं काय करतात, रिंग्जची रीडिंग्ज परत घेत बसतात तासभर, डोळे लाल होईपर्यंत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. प्रयोग सुरू करायच्या आधी कुठल्या मोजणीत सगळ्यात जास्त एरर येणार आहे हे कागदावर काढायला पाच मिनिटं लागतात आणि मग सगळा वेळ तिथे घालता येतो. किंवा मग सरळ उलटं करा, सोडियमची ५८९.३ नॅनोमीटर तर जगाला माहितीये, ती घ्या आणि लेन्सची त्रिज्या काढा, ती स्फेरोमीटरपेक्षा कितीतरी चांगली येते. म्हणून वरच्या त्या मेसेजमधल्या ६१० वाल्या मुलीला मी लिहिलं, स्फेरोमीटरचं रीडिंग किती वेळा घेतलंस?

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांबद्दल मी फार लिहीत नाही, तिथे निम्मा वेळ वायर तुटलीय का आणि ब्रेडबोर्डचं भोक सैल आहे का यातच जातो, पण तो वेळ वाया गेला असं मात्र कोणी समजू नये. माझ्या कॉलेजात लॅब अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, दहावीपर्यंतच शिकलेले. गॅल्व्हॅनोमीटर हलत नाही म्हणून कोणी सर्किट डायग्राम घेऊन डोकं धरून बसलं की मामा येऊन मल्टिमीटर लावायचे, बॅटरीपासून सुरू करून एकेक वायर ओळीने, आणि मध्येच एकीपाशी थांबायचे. त्यांना ओहमचा नियम व्हायवात सांगता आला असता का माहीत नाही, पण शोधायचं कसं हे मी त्यांच्याकडून शिकले, एका टोकाला धरायचं आणि उडी न मारता पुढे जायचं. बँड गॅपच्या (अर्धवाहकात इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) प्रयोगात पण त्यांचंच एक वाक्य होतं, तापवताना वाचू नका, थंड होताना वाचा. जर्मेनियम डायोड तापवत असताना थर्मामीटर एक सांगतो आणि डायोडचं तापमान भलतंच असतं, हीटर बंद करून हळूहळू निवू दिलं की दोघं बरोबर चालतात, मग ग्राफ सरळ येतो आणि उत्तर ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. मॅन्युअलमध्ये ही ओळ नव्हती. आपल्याकडच्या कितीतरी लॅब अशा माणसांच्या जोरावर चालतात आणि त्यांचं नाव कुठेच येत नाही.

आता जर्नल. आपल्याकडे जर्नल म्हणजे डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर उद्देश, साहित्य, सूत्र, कृती, घरी बसून सुंदर अक्षरात लिहिलेलं, आणि त्यावर सर्टिफिकेटचा शिक्का. ठीक आहे, नियम आहे, असू दे. पण माझ्या लेखी खरी वही म्हणजे ती रफ वही जी लॅबमध्ये टेबलावर उघडी असते. तिच्यात मी पेन्सिल चालू देत नाही. पेनाने लिहायचं, चुकलं असं वाटलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला का खोडलं ते दोन शब्दांत. तारीख, खोलीचं तापमान, कुठला सेट वापरला त्याचा नंबर. पंखा चालू होता का बंद, हे पण. एकदा एका ग्रुपचे झोके लवकर कमी होत होते आणि कारण वहीतच सापडलं, त्यांनी लिहून ठेवलं होतं की त्या टेबलावरचा पंखा चालू होता.

आणि ‘चालेल का’ हा प्रश्न फक्त एफवायच्या पोरांना पडतो असं नाही. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा चार्ज काढला, १९१३ मधलं त्याचं उत्तर आजच्या हिशोबात १.५९२ (गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, कूलॉममध्ये), खरं आहे १.६०२. अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त कमी, कारण हवेच्या व्हिस्कॉसिटीची जी किंमत त्याने वापरली ती थोडी चुकीची होती. फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये कॅल्टेकच्या पदवीदान समारंभात यावर सांगितलं होतं की नंतरच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर आकड्यावर गेली नाहीत, हळूहळू वर सरकत गेली, कारण मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की लोक चूक शोधत बसायचे आणि जवळ आलं की शोधणं थांबवायचे. मुलांना मी हे आवर्जून सांगते. उत्तर हवं तसं आल्यावर पण तितकंच शोधलं पाहिजे जितकं नको तसं आल्यावर शोधतो.

साधनं नाहीत ही तक्रार मी ऐकते आणि ती खोटी नाही. वीस मुलांच्या बॅचला एक स्पेक्ट्रोमीटर, दोन मायक्रोस्कोप ज्यातल्या एकाचा स्क्रू फिरत नाही, आणि ऐन रिंग्ज दिसायला लागल्यावर लाइट जाणं, हे सगळं मी बघितलंय. पण काही गोष्टी आता हातात आहेत. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या लोकांनी फायफॉक्स नावाचं ॲप २०१६ मध्ये काढलं, फुकट आहे, फोनच्या आतली सगळी सेन्सर्स वापरता येतात. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, पहिल्या आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. एक मीटर उंचीवरून नाणं खाली पडायला ०.४५ सेकंद लागतो, बोटाने हे मोजणं शक्यच नाही, पण पट्टीच्या टोकावर नाणं ठेवून पट्टीला टिचकी मारली की एक टक आणि जमिनीवर पडल्यावर दुसरा टक, ॲप मिलिसेकंदात सांगतं. घरी करा, रात्री शांत असताना. आणि ज्यांना खरंच ओढ आहे त्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे बघावं, तिथे बीएस्सीच्या मुलांसाठी एनआययूएस कार्यक्रम चालतो आणि फिजिक्स ऑलिंपियाडच्या मुलांचं प्रशिक्षणही तिथेच होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पन्नासपैकी वीस मार्क प्रयोगाला असतात, पाच तासांचा पेपर. जुने प्रयोगाचे पेपर नेटवर मिळतात, २०१५ ची ऑलिंपियाड तर मुंबईतच झाली होती, तो पेपर उघडून नुसता वाचा, कुठेही ‘अमुक किंमत सिद्ध करा’ असं दिसणार नाही. मोजा, एररसकट सांगा, बस.

तर ज्यांनी मेसेज केलाय त्यांच्यासाठी, रीडिंग आहे ते तसंच ठेवा. उत्तरापुढे प्लस मायनस लिहा आणि तो आकडा कुठून आला ते दोन ओळींत लिहा. एक्स्टर्नलनी विचारलं तर महाराष्ट्रातला जी किती असतो ते सांगा आणि शंभर दोलनं का मोजली ते सांगा. मी स्वतः एक्स्टर्नल म्हणून जाते तेव्हा ९.६ प्लस मायनस ०.२ असं लिहिणाऱ्याला ९.८००० लिहिणाऱ्यापेक्षा जास्त मार्क देते, आणि असं करणारी मी एकटी नाही.

पुढच्या टर्मला आमच्या लॅबच्या कपाटातला केटर्स पेंडुलम बाहेर काढायचा विचार आहे. हेन्री केटरने १८१७ मध्ये काढलेली युक्ती, दांडी तिच्यावरच्या दोन धारांवर उलटी सुलटी टांगायची, दोन्हीकडचा पीरियड सारखा केला की त्या दोन धारांमधलं अंतर हीच लंबकाची लांबी, बॉबचा मध्य बिध्य शोधायची भानगडच नाही. टीवायच्या चार मुलांना मी तो पूर्ण टर्मभर देणार आहे, दुसरा कुठलाही प्रयोग नाही, फक्त आमच्या गावचा जी तिसऱ्या दशांशापर्यंत. दांडी सरळ आहे, वजनं आहेत, पण एका बाजूच्या धारेला गंज चढलाय, ती एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे घासायला दिलीय, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात देतो.